लोहाराचा मुलगा आणि शेतकऱ्यांची विद्यापीठे



एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचे एखादे नाव सांगा असे म्हटले, तर आपल्याकडील शाळकरी मुलगाही लिंकनचे नाव सांगेल. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा त्याने काढला, हेही त्याला ठाऊक असते. पण त्याच लिंकनने २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, आणखी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने पुढच्या शंभर वर्षांत शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या लाखो मुलांना विद्यापीठाची दारे उघडी झाली. तो कायदा ज्याने मांडला, एकदा हरल्यावर पुन्हा मांडला आणि अखेर पदरात पाडून घेतला, तो जस्टिन मॉरिल हा व्हरमाँट राज्यातील एक शेतकरी होता. त्याने स्वतः महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही. त्याच्या आयुष्याची आणि त्याच्या कायद्याची ओळख करून द्यावी, आणि त्या कायद्याची किंमत कोणी मोजली हेही सांगावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

मॉरिलचा जन्म १४ एप्रिल १८१० रोजी व्हरमाँटमधील स्ट्रॅफर्ड या खेड्यात झाला. व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील लहानसे डोंगराळ राज्य. जमीन खडकाळ, हिवाळा लांब आणि कडक. मॉरिलचे वडील लोहार होते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, त्यामुळे पंधराव्या वर्षीच मुलाची शाळा सुटली. पुढे शिकण्याची इच्छा होती, पण ऐपत नव्हती. गावातील एका दुकानात तो कारकून म्हणून लागला. काही काळ मेन राज्यातील पोर्टलंड बंदरातही त्याने नोकरी केली. नंतर गावी परत येऊन १८३१ साली त्याने जुन्या मालकाशी, जेडिडाया हॅरिस यांच्याशी, भागीदारी केली. दुकानाचा पसारा वाढला, पैसा मिळाला. उसनी आणलेली पुस्तके वाचून त्याने आपली भूक भागवली. १८४८ साली, अडतिसाव्या वर्षी, त्याने व्यापारातून अंग काढून घेतले, गावातच घर बांधायला काढले आणि शेती व बागाईत यांत मन घातले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मॉरिल म्हणजे नांगरामागे आयुष्य घालवलेला गरीब कुणबी नव्हे. तो सुस्थितीतला शेतकरी होता, आणि शेतीआधी व्यापारी होता. त्याला गरिबांचा कैवारी म्हणून रंगवणे हे इतिहासाला धरून होणार नाही. पण शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाच्या मनात जो सल राहतो, तो त्याच्या मनात होता. आणि आपल्या भोवतालची जमीन वर्षानुवर्षे कस गमावत चालली आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

१८५४ साली तो निवडून आला आणि वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेला. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे संसद. तिची दोन सभागृहे, प्रतिनिधिगृह आणि सेनेट. बारा वर्षे तो प्रतिनिधिगृहात होता, १८६७ पासून सेनेटमध्ये. २८ डिसेंबर १८९८ रोजी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्याचा अंत झाला, तेव्हाही तो सेनेटचा सभासदच होता. म्हणजे जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे सलग लोकप्रतिनिधी! इतक्या दीर्घ काळात त्याने कायदे पुष्कळ केले. १८६१ सालचा आयात मालावर जबर जकात बसवणारा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो तेथील कारखानदारांना मानवला आणि कापूस निर्यात करणाऱ्या दक्षिणेला झोंबला. पण आपला विषय त्याचा दुसरा कायदा आहे.

त्या काळची अमेरिकन महाविद्यालये कशी होती? लॅटिन, ग्रीक, धर्मशास्त्र, थोडे गणित आणि तत्त्वज्ञान. त्यांतून धर्मोपदेशक, वकील आणि डॉक्टर तयार होत. शेत कसणाऱ्याला, लोखंड घडवणाऱ्याला, यंत्र चालवणाऱ्याला त्या विद्येचा उपयोग नव्हता, आणि त्या विद्येलाही या माणसांचे सोयरसुतक नव्हते. काम करणाऱ्यांसाठी वेगळे विद्यापीठ हवे, ही मागणी मॉरिलच्या आधीपासून होती. इलिनॉय राज्यातील जोनाथन टर्नर हा प्राध्यापक १८५० नंतर शेतकऱ्यांच्या परिषदांतून ती मांडत होता. मिशिगन राज्याने १८५५ मध्ये शेतकी महाविद्यालय स्थापलेही होते. प्रश्न पैशाचा होता. राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या, आणि शेतकरी आपल्या मुलाची फी भरू शकत नव्हता.

मॉरिलची युक्ती अशी होती. केंद्र सरकारपाशी रोख पैसा थोडा असला, तरी सरकारी म्हणवली जाणारी जमीन अफाट होती. ती जमीन राज्यांना द्यावी; राज्यांनी ती विकावी; आलेल्या पैशाचे कायम भांडवल करावे, आणि त्याच्या व्याजावर महाविद्यालय चालवावे. १४ डिसेंबर १८५७ रोजी त्याने हे विधेयक मांडले. दोन्ही सभागृहांत ते अगदी थोड्या मतांनी पार पडले. पण २४ फेब्रुवारी १८५९ रोजी अध्यक्ष ब्यूकॅनन याने नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. त्याची कारणे बोलकी आहेत. सरकारी तिजोरीला तोटा होईल, राज्यांना केंद्राच्या तोंडाकडे पाहण्याची सवय लागेल, सट्टेबाज जमिनी बळकावतील, आधीच्या महाविद्यालयांना धक्का बसेल, आणि घटनेने केंद्राला असा अधिकारच दिलेला नाही! यांतील सट्टेबाजांची भीती खरी ठरली, हे पुढे दिसेल. पण विरोधाचे मूळ दुसरीकडे होते. दक्षिणेतील गुलामांच्या मालकांचे प्रतिनिधी केंद्र सरकारने शिक्षणात हात घालू नये या मताचे होते. आज शिक्षणात हात घातला, तर उद्या आमच्या गुलामांत घालाल, ही त्यांच्या मनातली धास्ती होती.

१८६१ साली दक्षिणेची राज्ये फुटून निघाली, त्यांचे प्रतिनिधी सभागृह सोडून गेले, आणि मॉरिलने विधेयक पुन्हा आणले. प्रतिनिधिगृहाच्या जमीन समितीने त्याला प्रतिकूल शेरा मारला, तेव्हा ओहायोच्या बेंजामिन वेडने तेच विधेयक सेनेटमध्ये मांडले. जून १८६२ मध्ये ते दोन्हीकडे मोठ्या बहुमताने संमत झाले आणि जुलैच्या दुसऱ्या तारखेला लिंकनची सही झाली.

आता कायद्यातील तरतुदी पाहू. प्रत्येक राज्याचे काँग्रेसमध्ये जितके सभासद, त्या प्रत्येकामागे ३०,००० एकर. लहानात लहान राज्याचेही दोन सेनेटर आणि एक प्रतिनिधी असतोच, म्हणून कमीत कमी ९०,००० एकर. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या राज्याच्या वाट्याला जवळजवळ ९,९०,००० एकर आले. ज्या राज्यांच्या हद्दीत सरकारी जमीन शिल्लक नव्हती, त्यांना जमिनीची हक्कपत्रे मिळाली. ती राज्याने विकायची आणि विकत घेणाऱ्याने पश्चिमेकडील जमीन निवडायची. आलेले भांडवल सुरक्षित रोख्यांत गुंतवायचे, व्याज किमान पाच टक्के, आणि मूळ रकमेला हात लावायचा नाही. फक्त दहावा हिस्सा जागा आणि प्रयोगाची शेती विकत घेण्यासाठी वापरता येईल. इमारतींसाठी त्यातला पैसाही मिळणार नाही, त्या राज्याने स्वतःच्या खर्चाने उभाराव्यात.

पण या कायद्याचा प्राण आकड्यांत नाही, हेतूच्या कलमात आहे. तेथे म्हटले आहे की, या महाविद्यालयांत शेती आणि यंत्रकला यांच्याशी संबंधित विद्या मुख्यत्वे शिकवाव्यात, लष्करी शिक्षणही द्यावे, पण इतर शास्त्रे आणि जुनी अभिजात विद्या वगळू नये. आणि उद्देश हा की, कष्टकरी वर्गांना आयुष्यातील नाना व्यवसायांसाठी उदार आणि उपयुक्त असे दोन्ही प्रकारचे शिक्षण मिळावे. हे ‘दोन्ही’ फार महत्त्वाचे आहे. कष्टकऱ्याच्या मुलाला हातोडा कसा धरायचा तेवढे शिकवा, बाकीचे त्याला काय करायचे आहे, असे म्हणणारे त्या वेळी होते आणि आजही आहेत. मॉरिलच्या कायद्याने तसे म्हटले नाही. शेतकऱ्याचा मुलगा रसायनशास्त्र शिकेल आणि इतिहासही वाचेल, असे त्याने कायद्यात लिहून ठेवले.

मी गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत जास्त झाले. म्हणून या कलमाचे मोल मला वेगळ्या रीतीने कळते. नुसत्या आवाजावरून यंत्राचा बिघाड कुठे आहे ते सांगणारे फिटर मी पाहिले आहेत. त्याच यंत्राचे ड्रॉइंग पुढे ठेवले की ते मान फिरवतात. हा त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हे. ते वाचायला त्यांना कोणी शिकवले नाही. मग वाटाघाटीत उत्तर मिळते, ‘ड्रॉइंग वाचता येत नाही, वरची श्रेणी कशी द्यायची?’ ज्ञान साहेबाच्या केबिनमध्ये आणि कसब कामगाराच्या हातात, अशी वाटणी झाली की कसबाला भाव येत नाही. ही वाटणी मोडायची असेल तर ज्ञानही कामगाराच्या हाती आले पाहिजे.

कायदा झाला म्हणून लगेच सुकाळ झाला असे नाही. आयोवा राज्याने सर्वांत आधी कायद्याचा स्वीकार केला; कॅन्ससमध्ये १८६३ साली नवे महाविद्यालय निघाले. पण शिक्षक कोठून आणायचे? शेतीचे शास्त्र म्हणावे असे काही लिहिलेलेच नव्हते. विद्यार्थी थोडे, पुस्तके त्याहून थोडी, आणि शेतकरी ‘पुस्तकी शेती’ म्हणून हसत. काही ठिकाणी जुन्या प्रतिष्ठित महाविद्यालयांनी अनुदान घेतले आणि शेतीला कोपऱ्यात बसवले. तेव्हा ‘ग्रेंज’ या शेतकरी संघटनेने आवाज उठवला. कनेक्टिकट राज्यात हे अनुदान येल विद्यापीठाकडे होते. शेतकऱ्यांच्या चळवळीमुळे १८९३ साली ते काढून स्टॉर्स येथील शेतकी शाळेला देण्यात आले. हक्क कागदावर येतो तेव्हा तो अर्धाच मिळालेला असतो. उरलेला अर्धा संघटना मिळवते.

१८८७ साली हॅच कायद्याने या महाविद्यालयांना जोडून प्रयोगकेंद्रे निघाली, आणि खरे फळ तेथून दिसू लागले. एकच उदाहरण देतो. दूध घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ‘फॅट किती लागली’ हा प्रश्न रोजचा आहे. पूर्वी अमेरिकेत दूध नुसत्या वजनामापावर विकले जाई. पाणी घालणारा आणि सकस दूध घालणारा यांना सारखाच दर मिळे. १८९० साली विस्कॉन्सिनच्या प्रयोगकेंद्रातील स्टीफन बॅबकॉक याने दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत शोधली. मोजलेल्या दुधात गंधकाम्ल घालायचे, नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या, स्निग्धांश वर येतो आणि नळीवरील खुणांवरून वाचता येतो. गावातल्या गावात कोणालाही करता यावी अशी ती रीत होती. बॅबकॉकने तिचे पेटंट घेतले नाही. सार्वजनिक पैशाने चाललेल्या प्रयोगशाळेतील शोध सर्वांचा, असा त्याचा अर्थ झाला. मोजमाप खरे आणि उघड असले की मालाचा भाव मागता येतो, हे शेतकऱ्याला जितके खरे तितकेच कामगाराला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल.

पहिली बाब काळ्या लोकांची. यादवी युद्ध संपले, गुलामी गेली, पण दक्षिणेतील या महाविद्यालयांपैकी बहुतेकांची दारे काळ्या मुलांना बंदच राहिली. १८९० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मॉरिलने दुसरा कायदा संमत करून घेतला. प्रत्येक राज्याला दरवर्षी रोख रक्कम, पण अट अशी की प्रवेशात वर्णभेद नसावा. किंवा असेल तर काळ्यांसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढून रकमेची न्याय्य वाटणी करावी. या ‘किंवा’ने दक्षिणेला पळवाट दिली. वेगळी महाविद्यालये निघाली, पण ‘न्याय्य वाटणी’ पुढे अनेक दशके नावापुरतीच राहिली. तरीसुद्धा त्या महाविद्यालयांतून काळ्या समाजाचे शिक्षक, शेतीतज्ज्ञ आणि अभियंते घडले, हे नाकारता येणार नाही. आपल्या वाचकांना वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घरच्यासारखा वाटतो. गुलामीत जन्मलेल्या आणि एका महाविद्यालयाने रंगामुळे दारातून परत पाठवलेल्या या माणसाला शेतीशास्त्राची पदवी दिली ती आयोवा येथील महाविद्यालयाने, आणि ते मॉरिलच्याच कायद्यावर उभे होते.

दुसरी बाब अधिक जड आहे. सरकारने वाटलेली ती ‘सरकारी’ जमीन मुळात कोणाची होती? ती तेथील आदिवासी जमातींची होती. काही ठिकाणी तह करून, म्हणजे पुष्कळदा उपासमारीचा किंवा सैन्याचा धाक दाखवून, ती कवडीमोलाने घेतलेली होती. कॅलिफोर्नियात १८५१-५२ साली अठरा तह झाले, पण सेनेटने ते मंजूरच केले नाहीत. जमीन गेली आणि मोबदलाही गेला. मिनेसोटात डाकोटा लोकांना जमिनीबद्दल ठरलेली रक्कम वेळेवर मिळाली नाही. लिंकनच्या सहीनंतर दोन महिने होण्याआधीच, ऑगस्ट १८६२ मध्ये, भुकेने आणि फसवणुकीने पेटलेल्या त्या लोकांनी शस्त्र उचलले. डिसेंबरच्या २६ तारखेला मँकेटो येथे त्यांच्यातील अडतीस जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. २०२० साली तेथील पत्रकार आणि संशोधकांनी जुनी दप्तरे चाळून या कायद्याखाली दिलेल्या जमिनीचा तुकड्या-तुकड्याने हिशेब लावला. सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन, जवळजवळ अडीचशे जमातींकडून गेलेली, आणि बावन्न विद्यापीठांच्या भांडवलात जिरलेली!

त्या जमिनीचे सोने सर्वांनाच करता आले असेही नाही. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर असताना कित्येक राज्यांनी घाईने हक्कपत्रे विकली, आणि ती डॉलरहून कमी भावाने सट्टेबाजांच्या घशात गेली. न्यूयॉर्कमध्ये मात्र एझ्रा कॉर्नेलने राज्याची हक्कपत्रे घेऊन विस्कॉन्सिनमधील पाइनची जंगले निवडली आणि भाव येईपर्यंत वाट पाहिली. त्यांतून त्याच्या नावाच्या विद्यापीठाला पन्नास लाख डॉलरांहून अधिक भांडवल मिळाले. ज्यांची ती जंगले होती, त्यांच्या मुलांना त्या भांडवलाचा वाटा नव्हता. आदिवासींनी स्वतः चालवलेल्या महाविद्यालयांना या कायद्याच्या कुटुंबात जागा मिळाली ती १९९४ साली, म्हणजे पहिल्या सहीनंतर एकशे बत्तीस वर्षांनी.

मॉरिलला हे ठाऊक नव्हते काय? जमीन पूर्वी कोणाची होती हे त्या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते. तो प्रश्न विचारायचाच नाही, असा त्या काळच्या सभ्य गृहस्थांचा रिवाज होता. म्हणून मॉरिलला दुष्ट ठरवण्याने काही साधत नाही, आणि त्याला देव ठरवणे तर मुळीच बरोबर नाही. त्याने एका कष्टकऱ्याला शिकवले ते दुसऱ्या कष्टकऱ्याच्या घरादारावर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच वहीत लिहाव्या लागतात.

या कायद्याची सावली आपल्या अंगणापर्यंत आली आहे. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले ते ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतील अशाच सार्वजनिक महाविद्यालयांत. तेथेच गदर चळवळीत काम करून पुढे त्यांनी मेक्सिकोत मक्यावर संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर १९६० साली पंतनगरला भारतातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले ते अमेरिकेच्या याच नमुन्यावर, इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने. शिक्षण, संशोधन आणि विस्तारकार्य एकाच छताखाली, हे सूत्र तेथले. १९६८ साली राहुरीला महाराष्ट्राचे कृषी विद्यापीठ आले, त्यानंतर अकोला, परभणी आणि दापोली. अकोल्याचे विद्यापीठ तर वऱ्हाडातील लोकांनी आंदोलन करून मिळवले. राहुरीला महात्मा फुल्यांचे नाव आहे ते योग्यच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे खेड्यातील मुलांना शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे ही मागणी फुल्यांनी केली होती, आणि तीही व्हरमाँटकडे न पाहता, पुण्याच्या आसपासचा शेतकरी पाहून.

मॉरिलच्या चरित्रातून मी कार्यकर्त्यांना दोन प्रश्न विचारायला सांगतो. कोणतीही सार्वजनिक शिक्षणाची योजना पुढे आली की पहिला प्रश्न असा: हे शिक्षण कष्टकऱ्याच्या मुलाला पूर्ण माणूस करणार आहे, की नुसता कुशल हात? आणि दुसरा: याचा पैसा, याची जमीन कोणाकडून येते, आणि ज्याच्याकडून येते त्याच्या मुलासाठी वर्गात बाक राखला आहे काय? धरणाखाली गाव गेलेल्या, कारखान्यासाठी शेत दिलेल्या आपल्याच माणसांबद्दल हा दुसरा प्रश्न आपण विचारतो, म्हणून तो डाकोटांबद्दलही विचारला पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे चांगले उत्तर मॉरिलने १८६२ सालीच दिले होते. दुसऱ्याचे उत्तर अमेरिकेतील काही विद्यापीठांत आता कोठे शोधायला सुरुवात झाली आहे.